संगणकीय अनुकूली चाचणी : प्रश्नांचे अंशांकन आणि त्याची आखणी

४.१ प्रास्ताविक

आठवडी बाजारात धान्य घेताना दुकानदाराच्या तराजूवर आपण सहसा विश्वास ठेवतो. त्याच्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, हे त्याचे कारण. एक किलोचे वजन खरोखर एक किलोचे आहे की नाही, हे कोणीतरी अधिक भरवशाच्या वजनाशी ताडून पाहिलेले असते. परीक्षेतील प्रश्न हेही एका परीने वजनच होय. विद्यार्थ्याच्या क्षमतेसमोर आपण एकेक प्रश्न ठेवतो आणि पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहतो. मग या वजनांवर शिक्का कोणी मारलेला असतो?

नेहमीच्या लेखी परीक्षेपुरते बोलायचे, तर बहुधा कोणीच नाही. प्रश्नपत्रिका काढणारे प्राध्यापक ‘हा प्रश्न सोपा, हा मध्यम, हा कठीण’ असा अनुभवाने अंदाज बांधतात. अंदाज चुकला तरी फारसे बिघडत नाही, कारण प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते आणि चूकही सर्वांच्या वाट्याला सारखीच येते. ज्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे प्रश्न मिळतात, तिथे मात्र हा दिलासा उरत नाही. तुम्हाला मिळालेले वीस प्रश्न आणि शेजारच्या संगणकावर बसलेल्या परीक्षार्थीला मिळालेले वीस प्रश्न यांत एकही समान नसेल, तर दोघांचे गुण एकाच पट्टीवर मांडण्याचा अधिकार परीक्षकाला कशाच्या बळावर मिळतो? प्रत्येक प्रश्नाचे वजन आधीच तपासून ठेवलेले आहे, या एकाच बळावर. प्रश्नांची वजने अशी ठरवण्याच्या क्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात. आपण तिला ‘अंशांकन’ म्हणू. हे अंशांकन कमीत कमी विद्यार्थ्यांकडून कमीत कमी प्रश्न सोडवून घेऊन, तरीही विश्वसनीय रीतीने कसे करावे, हा या घटकाचा विषय आहे.

४.२ अनुकूलनाची कल्पना

अनुकूली चाचणी संगणकासोबत जन्मली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने यांनी थिओदोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ मध्ये बालकांची बुद्धिमापन श्रेणी तयार केली आणि १९०८ मध्ये तिच्यातील कार्ये वयोगटानुसार लावली. या श्रेणीचा वापर करणारा परीक्षक मुलाला सर्वच कार्ये करायला लावत नसे. मुलाच्या वयाच्या आसपास सुरुवात करून, जमते तिथवर वर आणि अडते तिथून खाली असे तो जात असे. आपल्याकडील तोंडी परीक्षेतही हेच घडत आले आहे. शाळा तपासायला येणारे जुन्या काळचे दिपोटीसाहेब एका मुलाला पाढा विचारत, तो घडाघडा म्हणाला की लगेच त्रैराशिकाकडे वळत, आणि अडखळला तर बेरजेवर येत. चांगला परीक्षक स्वभावतःच अनुकूली असतो. त्याच्या निर्णयाला मोजमापाचा आधार नसतो, एवढीच काय ती उणीव.

संगणकीय अनुकूली चाचणी ही उणीव भरून काढू पाहते. संगणक आरंभी मध्यम काठिण्याचा प्रश्न देतो. उत्तर बरोबर आले की विद्यार्थ्याच्या क्षमतेचा अंदाज वर सरकतो आणि पुढचा प्रश्न थोडा कठीण येतो; चुकले की उलट. प्रत्येक उत्तरानंतर अंदाज सुधारत जातो आणि तो पुरेसा स्थिर झाला की चाचणी थांबते. हुशार विद्यार्थ्याला अतिसोपे प्रश्न सोडवत बसावे लागत नाही आणि कच्च्या विद्यार्थ्यावर अशक्यप्राय प्रश्नांचा मारा होत नाही. अमेरिकेतील जीआरई ही परीक्षा १९९३ मध्ये या स्वरूपात उपलब्ध झाली, परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ मध्ये, तर जीमॅट १९९७ मध्ये. जीआरईने २०११ पासून प्रश्नागणिक अनुकूलन सोडून विभागागणिक अनुकूलन स्वीकारले. येथे एक घोटाळा टाळावा. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ ही प्रवेश परीक्षा २००९ पासून संगणकावर घेतली जाते आणि अनुकूली चाचणीचे इंग्रजी आद्याक्षरी नावही ‘कॅट’ असेच होते. परंतु ती परीक्षा अनुकूली नाही. संगणकावर दिलेली प्रत्येक परीक्षा अनुकूली नसते.

४.३ प्रश्नाचा स्वभाव

प्रश्नाचे वजन म्हणजे नेमके काय? पारंपरिक प्रश्न-विश्लेषणात आपण काठिण्य निर्देशांक काढतो : शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी प्रश्न बरोबर सोडवला, ते पाहतो. हा निर्देशांक सोपा आहे, पण त्यात एक मूलभूत दोष आहे. तोच प्रश्न एका शाळेत शंभरांतील ऐंशी मुलांना येईल आणि दुसरीत तिसांना. मग प्रश्न सोपा की कठीण? हा निर्देशांक प्रश्नाइतकाच त्या गटाविषयीही बोलत असतो आणि दोघांचे आवाज त्यात वेगळे करता येत नाहीत.

ते वेगळे करण्याचा मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यावर सापडला. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५२ मध्ये आणि डेन्मार्कमध्ये गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी ज्याचा पाया घातला, त्या विचाराला आपण प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्त म्हणतो. त्याचा गाभा असा : विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य ही दोन्ही एकाच पट्टीवर मोजावीत. विद्यार्थी प्रश्नाच्या बरोबरीने उभा असेल, तर तो प्रश्न सुटण्याची संभाव्यता निम्मी. विद्यार्थी प्रश्नाच्या जसजसा वर, तसतशी संभाव्यता एककडे सरकते; जसजसा खाली, तसतशी शून्याकडे. कागदावर काढली तर ही रेषा आडव्या ताणलेल्या ‘एस’ या इंग्रजी अक्षरासारखी दिसते.

राश यांच्या प्रतिमानात प्रश्नाचा एकच गुणधर्म आहे, काठिण्य. ॲलन बर्नबॉम यांनी त्यात भर घातली. त्यांचे विवेचन लॉर्ड आणि मेल्विन नॉविक यांच्या १९६८ च्या ग्रंथात आले आहे. त्यांच्या मते प्रश्नाला भेदकताही असते, म्हणजे ती वक्ररेषा किती चढी आहे. चढी रेषा म्हणजे जाणता आणि अजाण यांना स्वच्छ वेगळे करणारा प्रश्न. सपाट रेषा म्हणजे दोघांना जवळपास सारखेच वागवणारा. बहुपर्यायी प्रश्नांत तिसराही गुणधर्म येतो. काहीच येत नसलेला विद्यार्थीसुद्धा चार पर्यायांतील एक डोळे मिटून निवडील, तर चारांत एकदा बरोबर ठरेल. रेषेचे खालचे टोक शून्याला न टेकता वरच थांबते. त्याला अनुमान-घटक म्हणतात.

मराठी व्याकरणातील एक उदाहरण पाहू. ‘पंचवटी’ या शब्दाचा समास ओळखा, असा प्रश्न दिला आणि पर्यायांत द्विगू, द्वंद्व, अव्ययीभाव आणि बहुव्रीही ठेवले, तर समास शिकलेला विद्यार्थी द्विगू निवडील. न शिकलेला चाचपडेल. प्रश्नाची भेदकता चांगली. आता ‘पंचवटी’च्या जागी ‘नीलकंठ’ घाला आणि पर्यायांत कर्मधारय व बहुव्रीही दोन्ही ठेवा. उत्तरसूचीत समजा बहुव्रीही आहे. ‘निळा असा कंठ’ हा विग्रह जाणणारा चांगला विद्यार्थी येथे थबकतो, कारण विग्रहानुसार दोन्ही उत्तरे संभवतात. ज्याने ‘नीलकंठ म्हणजे शंकर, म्हणजे बहुव्रीही’ एवढेच पाठ केले आहे, तो मात्र न थबकता गुण मिळवतो. असा प्रश्न केवळ काठिण्याने मोजला तर निर्दोष वाटेल. निम्म्या मुलांना आला, निम्म्यांना नाही. त्याचा दोष भेदकतेत लपलेला असतो. तो शोधायचा तर कोणत्या विद्यार्थ्यांना विचारावे लागेल, हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

४.४ कोणत्या प्रश्नासाठी कोणता विद्यार्थी

अनुकूली चाचणीत आपण विद्यार्थ्यासाठी प्रश्न निवडतो. अंशांकनात हेच चित्र उलटे होते : प्रश्नासाठी विद्यार्थी निवडायचे असतात. गणित मात्र एकच राहते.

आधी काठिण्याचा विचार करू. एखादा विद्यार्थी प्रश्न सोडवतो तेव्हा त्या उत्तरातून प्रश्नाविषयी किती माहिती मिळते? राश यांच्या प्रतिमानात या माहितीचे माप अगदी साधे आहे : प्रश्न सुटण्याची संभाव्यता गुणिले न सुटण्याची संभाव्यता. दोन्ही निम्म्या असतील तेव्हा हा गुणाकार सर्वांत मोठा, म्हणजे ०.२५ होतो. अशा ४०० विद्यार्थ्यांची उत्तरे गोळा केली, तर एकूण माहिती १०० आणि काठिण्याच्या अंदाजातील प्रमाण त्रुटी, म्हणजे एक भागिले माहितीचे वर्गमूळ, ०.१ येते. हे चांगल्या दर्जाचे अंशांकन झाले.

आता तोच प्रश्न त्याच्यापेक्षा दोन एककांनी वर असलेल्या विद्यार्थ्यांना द्या. त्यांची बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.८८, गुणाकार सुमारे ०.१०५. त्रुटी पुन्हा ०.१ वर आणायची तर सुमारे ९५० विद्यार्थी लागतील. तीन एककांचे अंतर असेल, तर सुमारे २,२०० लागतील. अंतर खालच्या बाजूला असले तरी हिशेब हाच. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारून काही कळत नाही, हे व्यवहारातले शहाणपण येथे आकड्यांत उतरले आहे. नवीन प्रश्न वर्गावर्गांतून सरसकट वाटण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, तिच्यात विद्यार्थ्यांच्या श्रमाचा मोठा भाग असा वाया जातो, हे या हिशेबावरून लक्षात येईल.

मग सर्व प्रश्न त्यांच्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांनाच द्यावेत का? भेदकता मोजायची नसेल तर होय. भेदकतेचा विचार सुरू झाला की हे उत्तर कोसळते. प्रश्नाच्या अगदी बरोबरीने उभा असलेला विद्यार्थी भेदकतेविषयी काहीच सांगत नाही. वक्ररेषा चढी असो की सपाट, त्या एका बिंदूवर संभाव्यता निम्मीच राहते. डोंगराचा चढ किती आहे हे मधल्या एका दगडावर बसून कळत नाही. पायथ्याची आणि माथ्याची, निदान त्यांच्या वाटेवरची, उंची पाहावी लागते. म्हणूनच ‘नीलकंठ’चा दोष मध्यम विद्यार्थ्यांत कधीच उघड होणार नाही. तो पकडायला एका बाजूला समास पुरता जाणणारे आणि दुसऱ्या बाजूला तो कच्चा असलेले, असे दोन गट लागतील.

काठिण्य आणि भेदकता दोन्ही एकत्रितपणे जास्तीत जास्त अचूक हवी असतील, तर विद्यार्थी कुठून घ्यावेत? संख्याशास्त्रातील इष्टतम आराखड्याच्या सिद्धान्ताने याचे नेमके उत्तर दिले आहे. निम्मे विद्यार्थी असे घ्यावेत, की ज्यांना प्रश्न सुटण्याची संभाव्यता सुमारे ०.८२ आहे आणि निम्मे असे, की ज्यांना ती सुमारे ०.१८ आहे. क्षमतेच्या पट्टीवर हे दोन बिंदू काठिण्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १.५४ भागिले भेदकता इतक्या अंतरावर येतात. मधल्या विद्यार्थ्यांना तो प्रश्न देण्याची गरज नाही. हे उत्तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, कारण ‘योग्य पातळीचे विद्यार्थी’ म्हणजे मधले विद्यार्थी अशी आपली धारणा असते. अनुमान-घटकही मोजायचा असेल तर तिसरा गट लागतो, ज्यांना तो विषय जवळपास येतच नाही अशांचा. अशा मुलांकडून शिकण्यासारखे काही असते, हे मापनशास्त्र इतक्या स्पष्टपणे सांगते, याचे मला नेहमी समाधान वाटते.

आतापर्यंत आपण एकाच प्रश्नाचा विचार केला. प्रत्यक्षात शेकडो नवे प्रश्न रांगेत असतात आणि विद्यार्थी मोजके. समजा विद्यार्थ्यांची क्षमता पट्टीच्या शून्याभोवती नेहमीच्या घंटाकृती वितरणाने पसरली आहे आणि प्रमाण विचलन एक एकक आहे. काठिण्य २ असलेल्या प्रश्नाच्या जवळ येणारे, म्हणजे १.५ च्या वरचे विद्यार्थी शंभरांत सुमारे सातच निघतात. सर्व कठीण प्रश्नांची नजर याच सात जणांवर असते. सोप्या प्रश्नांना खालच्या टोकाला हीच अडचण येते. म्हणजे अंशांकनाची आखणी हा वाटपाचा प्रश्न आहे. या विद्यार्थ्याला हा प्रश्न दिला तर तो दुसरा प्रश्न देता येणार नाही. मग त्याचे उत्तर कोणत्या प्रश्नाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडेल? स्टॉकहोम विद्यापीठातील महमूद उल हसन आणि फ्रँक मिलर यांनी २०१९ मध्ये ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकात या वाटपाचा पद्धतशीर विचार मांडला. त्याचे सार असे की, क्षमतेच्या पट्टीचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यातील विद्यार्थ्यांना, त्यांच्या उत्तराने ज्या प्रश्नाची माहिती सर्वाधिक वाढेल, तो प्रश्न द्यावा. एका प्रश्नाच्या वाट्याला अनेकदा सलग पट्टा न येता दोन वेगवेगळे तुकडे येतात, एक खालचा आणि एक वरचा. वर पाहिलेल्या ०.१८ आणि ०.८२ या बिंदूंचीच ती रुंदावलेली रूपे होत.

४.५ आधी कोंबडी की आधी अंडे

जागरूक वाचकाच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल. प्रश्नासाठी योग्य विद्यार्थी निवडायचे, तर प्रश्नाचे काठिण्य ठाऊक हवे. पण काठिण्य शोधण्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. ही शंका रास्त आहे आणि संख्याशास्त्रज्ञांनी ती फार पूर्वी ओळखली. अज्ञात गुणधर्माचा एखादा अंदाज खरा धरून त्या अंदाजापुरता इष्टतम आराखडा काढणे, अशी तडजोड हर्मन चेर्नॉफ यांनी १९५३ मध्ये मांडली. अंदाज चुकीचा असेल तर आराखडाही तितका चुकतो.

यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने पुढे जाणे. सुरुवातीला अनुभवी शिक्षकांचे मत घ्यावे. ते अचूक नसते, पण ‘तीन चतुर्थांश आणि पाच सप्तमांश यांत मोठा अपूर्णांक कोणता’ हा प्रश्न ‘अर्धा आणि पाव यांत मोठा कोणता’ यापेक्षा कठीण आहे, एवढे कोणताही शिक्षक सांगेल. त्या आधारावर प्रश्न प्रथम विस्तृत पट्ट्यातील थोड्या विद्यार्थ्यांना द्यावा. त्यांच्या उत्तरांवरून काठिण्य आणि भेदकता यांचा कच्चा अंदाज काढावा. त्यावरून पुढचे विद्यार्थी निवडावेत, पुन्हा अंदाज सुधारावा आणि त्रुटी ठरवलेल्या मर्यादेखाली आली की त्या प्रश्नाचे अंशांकन थांबवावे. या दिशेने डग्लस जोन्स आणि झियिंग जिन यांनी १९९४ मध्ये, तर विम व्हान डर लिंडेन आणि हाओ रेन यांनी २०१५ मध्ये महत्त्वाचे काम केले. सर्व प्रश्नांना सारखेच विद्यार्थी द्यावेत हा समानतेचा मोह या पद्धतीत सोडावा लागतो. काही प्रश्न लवकर स्थिरावतात. काही हट्टी असतात. हट्टी प्रश्नांपैकी काहींचे कारण अखेरीस ‘नीलकंठ’सारखेच निघते, आणि मग ते सुधारावे किंवा टाकून द्यावे लागतात. त्यांच्यावर आणखी विद्यार्थी खर्च करण्यात अर्थ नसतो.

४.६ चालू परीक्षेत पेरलेले प्रश्न

हे विद्यार्थी आणायचे कुठून? स्वतंत्र पूर्वचाचणी घेतली तर तिथे कोणी मनापासून उत्तरे देत नाही, कारण तिच्यावर काहीच अवलंबून नसते. म्हणून नवे प्रश्न खऱ्या परीक्षेतच पेरण्याची प्रथा पडली. त्यांचे गुण धरले जात नाहीत, पण कोणते प्रश्न असे आहेत हे परीक्षार्थीला सांगितले जात नाही. अमेरिकेतील सॅट ही परीक्षा संगणकावर आल्यानंतर तिच्या ९८ प्रश्नांपैकी ८ प्रश्न असे असतात.

अनुकूली परीक्षेत ही पेरणी अधिक नेमकी करता येते, कारण विद्यार्थ्याच्या क्षमतेचा अंदाज परीक्षेच्या ओघातच तयार होत असतो. परीक्षेच्या उत्तरार्धात तो अंदाज बराच पक्का झालेला असतो. तेव्हा नवा प्रश्न दिला तर विद्यार्थ्याची निवड चुकण्याचा धोका कमी. पण उत्तरार्धात विद्यार्थी थकलेला असतो, घड्याळाकडे पाहत असतो आणि त्याची घाई प्रश्नाच्या काठिण्यात जमा होते. शिवाय आपल्या पातळीचे प्रश्न सोडवत आलेल्या विद्यार्थ्यापुढे एकाएकी फार सोपा किंवा फार अवघड प्रश्न आला, तर त्याला शंका येते. ०.१८ चा बिंदू कागदावर कितीही इष्ट असला, तरी त्या बिंदूवरचा विद्यार्थी त्या क्षणी परीक्षेत बसलेला, आपल्या प्रवेशाची काळजी करणारा माणूस असतो. त्याला न सुटणारा प्रश्न देऊन त्याचा धीर खचला, तर पुढच्या खऱ्या प्रश्नांवर त्याचा परिणाम होईल. आखणी करणाऱ्याने अचूकतेत थोडा तोटा सोसून ही मर्यादा पाळावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणखी एक तांत्रिक सापळा आहे. विद्यार्थ्याच्या क्षमतेचा अंदाज हाच त्याची खरी क्षमता मानून नव्या प्रश्नांचे अंशांकन केले, तर अंदाजातील त्रुटी नव्या प्रश्नांत शिरते. त्या प्रश्नांच्या साहाय्याने पुढच्या वर्षीचे विद्यार्थी मोजले जातात, त्यांच्यावरून आणखी नवे प्रश्न. दरवर्षी थोडी थोडी सरकत पट्टी मूळ जागेवरून ढळते. मार्था स्टॉकिंग यांनी १९८८ मध्ये या ढळण्याचा अभ्यास करून, आधी अंशांकन झालेले काही प्रश्नही नव्या प्रश्नांसोबत पेरावेत, हा उपाय तपासला. या दुवा-प्रश्नांमुळे पट्टी जुन्या खुंटीला बांधलेली राहते. अर्थात त्यासाठी विद्यार्थ्यांना आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात. येथेही बचत आणि विश्वसनीयता यांचा मेळ घालावा लागतो.

४.७ अनुकूलन चुका शोधून काढते

अंशांकन थोडे ढिले राहिले तर काय बिघडेल, असे एखादा प्रशासक विचारील. छापील प्रश्नपत्रिकेत फारसे बिघडणार नाही. पन्नास प्रश्नांपैकी काहींचे काठिण्य जास्त धरले गेले असेल, काहींचे कमी. चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. अनुकूली चाचणीत मात्र प्रश्न निवडणारा संगणक भेदक प्रश्नांच्या मागे असतो. प्रश्नपेढीतील ज्या प्रश्नाची भेदकता कागदोपत्री सर्वांत जास्त, तो प्रश्न तो पुन्हा पुन्हा उचलतो. आता कागदोपत्री भेदकता जास्त दिसण्याची कारणे दोन : प्रश्न खरोखरच चांगला असेल, किंवा अपुऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अंशांकनात योगायोगाने ती फुगली असेल. संगणकाला हा फरक कळत नाही. त्यामुळे फुगलेले प्रश्न वेचून वेचून विद्यार्थ्यापुढे येतात आणि मापनाची त्रुटी असते त्यापेक्षा कमी दाखवली जाते. चाचणी वेळेआधीच ‘पुरेसे कळले’ म्हणून थांबते. व्हान डर लिंडेन आणि सीस ग्लास यांनी २००० मध्ये या घटनेचे विश्लेषण केले आहे. जो विद्यार्थी उत्तीर्णतेच्या रेषेजवळ उभा असतो, त्याच्यासाठी ही केवळ संख्याशास्त्रीय बाब नाही.

प्रश्नांचा पुरवठा अपुरा पडला तर दुसरे संकट येते. जीआरईचे संगणकीय रूप सुरू झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच, १९९४ च्या अखेरीस, एका खासगी शिकवणी संस्थेने आपली माणसे परीक्षेला बसवून प्रश्न लक्षात ठेवून आणवले आणि पेढीतील प्रश्न किती लवकर फुटू शकतात हे दाखवून दिले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला काही काळ परीक्षेचे दिवस कमी करावे लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. पेढी मोठी हवी आणि सतत ताजी हवी, हा त्यातला धडा. पण पेढी मोठी करायची म्हणजे अंशांकन वाढवायचे. ५०० प्रश्न, प्रत्येकी ५०० उत्तरे म्हणजे अडीच लाख उत्तरे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ५ पेरलेले प्रश्न सोडवून घेतले तरी ५०,००० विद्यार्थी. आखणी चांगली असेल आणि निम्म्या उत्तरांत काम भागत असेल, तर वाचलेले सव्वा लाख प्रश्न म्हणजे सव्वा लाख वेळा कोणाची तरी वाचलेली दोन मिनिटे.

४.८ मराठी माध्यमाच्या संदर्भात

आपल्याकडील मोठ्या संगणकीय प्रवेश परीक्षा अनेक सत्रांत होतात. जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून वेगवेगळ्या सत्रांतील गुण पर्सेंटाइलमध्ये रूपांतरित करते. महाराष्ट्राच्या सीईटीतही पर्सेंटाइल वापरले जातात. या रीतीत एक गृहीतक दडलेले आहे : प्रत्येक सत्रात बसलेला विद्यार्थ्यांचा गट सरासरीने सारख्याच क्षमतेचा आहे. सत्रे मोठी असतील आणि वाटप यादृच्छिक असेल, तर ते बऱ्यापैकी टिकते. अंशांकित प्रश्नपेढी असती, तर या गृहीतकाची गरज भासली नसती. सकाळच्या सत्रातील पेपर कठीण होता की मुलेच कच्ची होती, हा दरवर्षीचा वाद मग मोजून सोडवता आला असता.

मराठीपुरता एक प्रश्न याहून नाजूक आहे. नीट ही परीक्षा २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. प्रश्न इंग्रजीत तयार होतो आणि त्याचे भाषांतर होते. इंग्रजी प्रश्नाचे काठिण्य भाषांतराला आपोआप लागू होते का? ‘वेग’ आणि ‘गती’, ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ या शब्दांचा रोजच्या बोलीतला वापर आणि पाठ्यपुस्तकातला वापर यांत अंतर आहे. भाषांतरकाराने एक शब्द बदलला की मराठी माध्यमाच्या मुलांसाठी प्रश्न सोपा किंवा अवघड होऊ शकतो, आणि त्यात भौतिकशास्त्राच्या ज्ञानाचा काही संबंध नसतो. म्हणून भाषांतरित प्रश्नाचे अंशांकन त्या भाषेतील विद्यार्थ्यांवर स्वतंत्रपणे व्हायला हवे. समान क्षमतेच्या दोन गटांत एकाच प्रश्नाचे काठिण्य वेगळे निघाले, तर तो प्रश्न पक्षपाती मानून बाजूला काढावा लागतो.

येथेच कार्यक्षम आखणीचे महत्त्व सर्वाधिक जाणवते. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्यांची संख्या प्रचंड असते, तिथे विद्यार्थी कसेही वाटले तरी आकडे जमतात. मराठीतून परीक्षा देणारे तुलनेने थोडे असतात. प्रत्येक प्रश्नासाठी हजारभर मराठी विद्यार्थी मिळणार नाहीत, म्हणून मराठी आवृत्तीचे अंशांकन करणे परवडत नाही, असा युक्तिवाद सहज केला जाईल. इंग्रजी आवृत्तीचे काठिण्य हा आरंभीचा अंदाज धरून, मराठी विद्यार्थ्यांपैकी नेमके वरच्या आणि खालच्या तुकड्यातील निवडून, टप्प्याटप्प्याने ते तपासता येते. ४.४ मध्ये पाहिलेल्या हिशेबानुसार नेमक्या विद्यार्थ्यांवर चारशे उत्तरांत जे कळते, ते कळण्यासाठी दूरच्या विद्यार्थ्यांची बावीसशे उत्तरे लागतात. छोट्या भाषिक गटाच्या बाबतीत हा फरक ‘शक्य’ आणि ‘अशक्य’ यांच्यातला ठरू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एका प्रश्नाचे काठिण्य ०.५ आणि भेदकता १ आहे, असा प्राथमिक अंदाज आहे. दोन्ही गुणधर्म अचूक मोजण्यासाठी क्षमतेच्या पट्टीवरील कोणत्या दोन बिंदूंजवळचे विद्यार्थी निवडाल? (काठिण्यात १.५४ मिळवून आणि वजा करून पाहा.) याच प्रश्नाची भेदकता २ निघाली, तर हे बिंदू जवळ येतील की दूर जातील?

२. तुमच्या अभ्यासक्रमातील मराठी व्याकरणाचा असा एक बहुपर्यायी प्रश्न शोधा, की जो अधिक जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाच अधिक गोंधळात टाकील. त्याचा दोष उघड होण्यासाठी तो कोणत्या दोन गटांना द्यावा लागेल, ते लिहा.

३. पेरलेल्या प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, हे परीक्षार्थीला आधी सांगावे की न सांगावे? न सांगितल्याने अंशांकनाला होणारा लाभ आणि परीक्षार्थीवर पडणारा भार या दोन्हींचा विचार करून आपले मत सुमारे १५० शब्दांत मांडा.